खालची कवळी

आमच्या ह्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, जबडे राहतात. रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं की माझ्या कानाशी लागून सांगणार, "वरची पूर्ण. डावीकडे जरा उंच ठेवावी लागली होती, बाईंचा सांधा कटकट करायचा." त्या बाईंचं नाव काय म्हणून विचारा, गप्प. माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव पाठ व्हायला ह्यांना चार वर्षं लागली, पण तिचा खालचा पुढचा दात वाकडा आहे हे लग्नाच्याच दिवशी हेरून ठेवलं होतं. असा हा माणूस. चाळीस वर्षं लोकांची बत्तीशी घडवली आणि घरात बायकोच्या तोंडाचं बोळकं करून ठेवलं. तोंडी सांगितलं असतं, पण हल्ली माझं बोलणं समोरच्याला दोनदा विचारून घ्यावं लागतं, आणि मला दोनदा सांगायचा कंटाळा आहे. म्हणून लिहिते.

हे दातांचे डॉक्टर नव्हेत. हे कवळ्या करतात. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेतो, ते ह्यांच्याकडे येतं. त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेणात एकेक दात रचायचा, कवळी शिजवायची, घासून चकचकीत करायची आणि डॉक्टरकडे परत धाडायची. आमची पुढची खोली म्हणजे ह्यांची लॅब. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, सुऱ्या, ब्रश, आणि वर फळीवर ओळीने जबडे मांडलेले. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं, ह्या घरात रोज कोणीतरी पीठ सांडतं. कवळीचा मसाला कालवायला एक उग्र वासाचं पाणी लागतं. तो वास माझ्या केसांना, दुधाच्या भांड्याला आणि पुढे मुलीच्या शाळेच्या वह्यांनासुद्धा यायचा. बाई विचारायच्या, घरी रंगकाम चाललंय का.

ह्या धंद्यात एक रेघ आखलेली असते. तोंडात हात डॉक्टरचा, साच्यावर हात ह्यांचा. ज्या थोरल्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत हे काम शिकले, ते रोज बजावायचे, की प्लास्टर ओरडत नाही, माणूस ओरडतो, तेव्हा आपापल्या जागी राहा. हे राहिले. एकोणचाळीस वर्षं राहिले. हेही लिहून ठेवते, उगाच पाप नको.

माझे दात छत्तिसाव्या वर्षी गेले. हिरड्यांचा रोग, आमच्या आईकडून आलेला. एकेक करत सगळे हलले आणि एकेक करत सगळे काढले. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, तिचं काही नाही. खालचीला धरायला काहीच नसतं. जीभ हलली की ती हलते, हसू आलं की ती आधी बाहेर येते. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर होते. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. रक्त द्यायला सहा नंबर, हाडाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर, कागद इथे नाही तिकडे. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना "सरळ जा आणि" एवढं म्हणाले आणि कवळी सरळ त्यांच्या केसपेपरावर जाऊन पडली. त्यांनी ती उचलली, रुमालाने पुसली आणि खिडकीतून परत दिली. वर "डावीकडे का उजवीकडे" असं शांतपणे विचारलं. त्या दिवशी मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर हाताचा पंजा तोंडासमोर धरून बोलायला लागले. हसणं सोडून दिलं. कोणी विनोद केला की मी खाली बघायची.

ह्यांनी मला सात कवळ्या करून दिल्या. पहिली नीट नाही म्हणून दुसरी, दुसरी नाही म्हणून तिसरी. रविवारचा दिवसच माझ्या खालच्या जबड्याचा होता. सातवी झाली तेव्हा ह्यांनी हात टेकले. म्हणाले, धरायला हाडच नाही, मी काय करू. ह्यांच्या तोंडून "मी काय करू" हे शब्द मी आयुष्यात दोनदा ऐकले, त्यातला हा पहिला.

मग थोरले डॉक्टर कुठल्याशा परिषदेहून एक निळी पेटी घेऊन आले. इम्प्लांट नावाचा प्रकार आमच्या गावात तेव्हा कोणी पाहिला नव्हता. जबड्याच्या हाडात धातूचे दोन पोकळ खुंट बसवायचे, हाड त्यांना घट्ट धरतं. प्रत्येक खुंटाला आतून आटे असतात, त्यात एक छोटा गोल मणी स्क्रूसारखा पिळून बसवायचा. कवळीच्या पोटात दोन रबरी रिंगा. कवळी मण्यांवर दाबली की टिचबटणासारखी टक् करून बसते. डॉक्टरांना पहिला रोगी हवा होता आणि मला खालचे दात. मी तयार झाले. पहिला मान माझा.

बसली. अहो, काय बसली. तिसऱ्या दिवशी मी मक्याचं कणीस आडवं धरून खाल्लं, दाणा न दाणा. बसमध्ये कोणाचं तरी मांजर पिशवीतून निसटलं तेव्हा मी इतक्या मोठ्याने हसले की बाजूच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. खिडकीवरचा पंजा खाली आला. बावीस वर्षं मी ह्या कवळीने जेवले, बोलले, भांडले, फोनवर मुलीला रागे भरले. ती माझ्या तोंडात आहे हे विसरायला झालं होतं, ह्याहून मोठं सुख दुसरं नाही. ज्याचे दात जागेवर आहेत त्याला हे कळायचं नाही.

ह्यांना मात्र एका मिनिटासाठीही विसरायला झालं नाही. लॅबमध्ये कोणी नवा डॉक्टर आला, कोणी रोगी कुतूहलाने डोकावला, की आतल्या खोलीत हाक यायची, "अगं, जरा बाहेर ये." मी हात पुसत बाहेर. ह्यांनी सफरचंद तयार ठेवलेलंच असायचं. मी परक्या माणसांसमोर उभी राहून सफरचंदाचा लचका तोडायचा, आणि हे बाजूला उभे राहून मान डोलावणार. लाज वाटायची. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटायचा. कितीदा म्हटलं, निदान सफरचंद तरी गोड आणत जा.

त्या निळ्या पेटीची कंपनी सहा-सात वर्षांत बसली. आधी तिचा माणूस यायचा बंद झाला, मग पत्रं परत यायला लागली. शेवटी ह्यांनी फोन लावला तर तो नंबर पडदे शिवणाऱ्या एका बाईंना मिळालेला होता. हे ऐकेनात. तीनदा लावला. तिसऱ्या वेळेस त्या बाईच म्हणाल्या, "दातवाले ना तुम्ही? नाही हो, अजून पडदेच आहेत." रबरी रिंगा दरवर्षी बदलाव्या लागतात. ह्यांच्याजवळ एका डबीत होत्या त्या जपून जपून पुरवल्या. त्या संपल्यावर एका घड्याळजीकडून घड्याळाच्या मागच्या झाकणात बसते तसली रिंग आणली, कातरली, घासली, बसवली. पाच वर्षं मी घड्याळाच्या रबरावर जेवले. तेव्हा मात्र मला ह्यांचं कौतुक वाटलं होतं. आजही वाटतं, काय करू.

पण रिंग बदलता येते, मणी झिजला तर? बावीस वर्षांत उजवीकडचा मणी घासून अंड्यासारखा झाला. त्याला कुठलीच रिंग धरेना. जेवताना उजवी बाजू उचलायला लागली, मग बोलतानाही. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, नीट बोल ना, तोंडात काय आहे?" मी म्हटलं, धड काहीच नाही, तीच तर भानगड आहे. नोकरीतून मी कधीच निवृत्त झाले होते, पण भाजीवाल्यासमोर पंजा पुन्हा तोंडावर गेला तेव्हा मी भाजी न घेताच घरी आले. मला पुन्हा ती छत्तिसाव्या वर्षीची बाई व्हायचं नव्हतं. माझी एवढीच मागणी होती. ती खालची कवळी पुन्हा टक् करून बसावी.

थोरले डॉक्टर वारले होते. दवाखाना त्यांची पुतणी चालवते. आम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणतो, ती आम्हाला काका-काकू म्हणते. हुशार आणि गोड मुलगी. ती आता तोंडाचं माप मसाल्याने घेत नाही, एक कांडी तोंडात फिरवते आणि चित्र कॉम्प्युटरवर उमटतं. नवं काम ती लांबच्या एका मोठ्या लॅबकडे पाठवते. ह्यांच्याकडे येतात ते म्हातारे, ज्यांच्या तुटलेल्या कवळीला डाग द्यायचा असतो. आठवड्यातून दोनदा हे तिच्याकडे जातात आणि पिशवीत दोन-तीन मोडकी कामं घेऊन येतात. ह्यावर ह्यांनी कधी ब्र काढला नाही. पण त्या कांडीचा विषय निघाला की नाक मुरडायचे.

डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड नीट पाहिलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. खुंट अजून उत्तम आहेत, हाडाने छान धरलेत. फक्त मणी बदलायचा आहे, आणि तसा मणी आता जगात कोणी विकत नाही. तेव्हा जुना मणी काढून त्याचे आटे मशीनवर मोजून घ्यायचे, आणि एका कारखान्यात अगदी तसाच नवा कातून घ्यायचा. तीन महिने लागतील. तोवर कवळीच्या पोटात मऊ अस्तर भरून देते, थोडी धरेल. मग त्या थांबल्या आणि बोट वर करून म्हणाल्या, "एक गोष्ट. दुसऱ्या कंपनीचा मणी कोणी घालतो म्हणाला तर घालू देऊ नका. दिसायला सगळे सारखे असतात. आतले आटे एकदा खराब झाले की तो खुंट मेला. आणि काकू, तुमच्या हाडात आता नवा खुंट बसायला जागा नाही." ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, काका, तुम्हाला मी काय सांगणार. हे म्हणाले, छे छे, बरोबर आहे.

घरी येताना हे दोन पावलं पुढे होते. कोपऱ्यावर थांबले. "तीन महिने," म्हणाले. "आटे मोजायला मशीन लागतं म्हणे." मी म्हटलं, मी थांबते की तीन महिने, मी ह्याहून वाईट दिवस काढलेत. पण माझ्याशी कोण बोलत होतं? हे त्या कांडीशी बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून औषधांच्या जुन्या डब्या टेबलावर उघडल्या गेल्या. ह्यांची एक खोड आहे, काही टाकायचं नाही. कुठल्या कुठल्या कंपन्यांचे मणी, स्क्रू, टोप्या, सगळं चाळीस वर्षांचं साठवलेलं. हे सगळं तपासायचं कशावर? त्यासाठी ह्या कामात इम्प्लांटची धातूची नक्कल असते. आतून बाहेरून हुबेहूब खुंटासारखी, प्लास्टरच्या जबड्यात बसवलेली. माझ्या जबड्याच्या साच्यात तशी एक नक्कल होती, त्याच निळ्या पेटीतली. हे भिंग लावून बसले. एकेक मणी उचलायचा, नकलेत घालायचा, फिरवायचा, नाही, ठेवून द्यायचा. आठ दिवस हेच. जेवायला हाक मारली तर "हो" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत.

नवव्या दिवशी मला हाक आली. सफरचंदाची नव्हे, वेगळीच. गेले तर माणूस उजळला होता. एक मणी मिळाला होता, कुठल्या कंपनीचा तेही आठवत नव्हतं. माझ्या हातात मणी पिळायची बारीक किल्ली दिली, म्हणाले, तूच फिरव. मी फिरवला. सरसर आत गेला आणि तळाशी जाऊन बसला. ना अडखळला, ना डुगडुगला. हे म्हणाले, "बघ. म्हणे तीन महिने."

मी म्हटलं, छानच झालं, आता डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाऊ, त्या बसवतील. हे म्हणाले, ती नाही म्हणेल. मी म्हटलं, मग नाही म्हणू दे. हे टेबलाकडे वळले. मणी साच्यातून काढला, पुसला, पुन्हा घातला. पाठ माझ्याकडे. ती वाकलेली पाठ मी चाळीस वर्षं बघते आहे, आणि तिच्यापुढे माझं शहाणपण कधी टिकलेलं नाही. ह्यांच्या हाती आता डाग द्यायची कामं उरली होती. मला वाटलं, एकदा जमू दे ह्यांना. एकदा ह्यांचं खरं होऊ दे. डॉक्टरीणबाईंचं बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी मी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि तोंड उघडलं. हे माझं. ह्याचा दोष मी कोणाला देत नाही.

दुपारचे तीन वाजले असतील, खिडकीतून भरपूर उजेड येत होता. ह्यांनी हात साबणाने दोनदा धुतले. जुना झिजलेला मणी किल्लीने काढला, तो सहज निघाला. नवा ठेवला. एक फेरा. दोन. मग अर्धा. आणि थांबला. मला दुखलं नाही, पण कानापर्यंत दाब आला. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते, वीतभर अंतरावर. ह्यांनाही कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. मी हात वर केला, थांबा म्हणून. हे म्हणाले, "जरासं. साच्यात गेला होता." आणि फिरवला.

कट् असा आवाज झाला. बस, एवढंच. ह्यांच्या किल्लीत मणी आला आणि त्याचा निम्मा स्क्रू माझ्या जबड्यात राहिला.

हे किल्ली धरून तसेच उभे राहिले. मग टेबलापाशी गेले, साचा उचलला, त्या नकलेवर भिंग धरलं. तीच एक नक्कल साच्यातून साच्यात हलवत ह्यांनी इतकी वर्षं त्या पेटीतल्या दुसऱ्या सगळ्या रोग्यांचे मणी तिच्यात घातले-काढले होते, शेकडो वेळा. तिचे आतले आटे झिजून सैल झाले होते. तिच्यात काहीही गेलं असतं. हे कळायला ह्यांना दोन मिनिटं लागली, आणि ती दोन मिनिटं आठ दिवसांत मिळाली नव्हती. माझा खुंट मात्र झिजलेला नव्हता. त्यात पहिल्या दिवसापासून तो एकच मणी होता, त्याचे आटे नव्यासारखे होते. "नक्कल झिजली होती," हे म्हणाले. मला नव्हे, टेबलाला. आणि थोड्या वेळाने, "मी काय करू." तो दुसरा.

रात्री मी जेवले नाही. हेही जेवले नाहीत. मी वाट बघत होते, की आता म्हणतील, चुकलो. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. म्हणणार होते, जाऊ द्या, मीच तोंड उघडलं ना. ते उत्तर तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. काय सांगायचं ते आमचं काही ठरलं नव्हतं. मी खुर्चीत आडवी झाले. हे दाराशी माझी पिशवी घेऊन उभे. डॉक्टरीणबाईंनी आरसा घातला, दिवा जवळ ओढला, पुन्हा पाहिलं. मग आरसा बाहेर काढून विचारलं, "हे कोणी केलं?"

मी मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं. दिवा माझ्या डोळ्यांवर होता, तरी मला ह्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. मी वेळ दिला. पुरेसा दिला. ह्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, बाकी काही केलं नाही. मला भीती वाटली, की ही दोन मोडकी कामंही उद्या बंद होतील, आणि हा माणूस फळीवरच्या जबड्यांकडे बघत बसेल. म्हणून मी म्हटलं, बाहेरगावी गेले होते, तिथे एकाने बसवून देतो म्हणून सांगितलं.

इथवर मी समजू शकते. माणूस घाबरतो, मूग गिळून बसतो. मी खोटं बोलले ते ह्यांना वाचवायला, आणि हे गप्प राहिले असते तरी मी ते गिळलं असतं. पण हे गप्प राहिले नाहीत.

हे म्हणाले, "मी हिला किती वेळा सांगितलं, कुठे बाहेर जाऊ नकोस म्हणून. ऐकतच नाही. आजकाल कोणीही उठतो आणि तोंडात हात घालतो."

अगदी सरळ म्हणाले. आवाज कापला नाही. डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला आणि मला रागावल्या. म्हणाल्या, काकू, घरात एवढा जाणकार माणूस असताना तुम्ही असं कसं केलंत? मी वर छताकडे बघत पडून राहिले. माझं तोंड उघडंच होतं.

तुटलेला तुकडा काढायला डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी दीड तास घालवला. तीन वेळा त्यासाठी गेले. तुकडा शेवटी निघाला, पण आतले आटे भुगा झाले होते. खुंट मेला. तो हाडात इतका घट्ट आहे की काढायचा तर जबडा फोडावा लागेल, म्हणून त्यावर हिरडी ओढून शिवून टाकली. तो अजून आहे तिथेच, कामाचा नाही. डावीकडचा एकटा कवळीला धरू शकत नाही. एका बिजागरीवरच्या दारासारखी ती फिरते, आणि तसा भार देत राहिले तर तोही हलेल. त्याच्यासाठी नवा मणी कातून घेण्यात आता अर्थ नाही. थोडक्यात, मी परत छत्तिसाव्या वर्षाला जाऊन बसले. तेव्हा निदान समोर थोरले डॉक्टर होते, निळी पेटी होती.

घरी ह्या विषयावर बोलणं नाही. मी एकदा काढला. हे म्हणाले, "तूच म्हणालीस ना बाहेरगावी?" मला इतका संताप आला की हातातलं ताट टेबलावर आदळलं, दोन जबडे फळीवरून खाली येऊन फुटले. हे ते वेचत बसले. कुणाचे होते तेही मला सांगितलं. वरचा एका शिक्षिकेचा आणि खालचा तिच्या नवऱ्याचा.

मग ह्यांनी माझ्यासाठी आठवी खालची कवळी करायला घेतली. साधी, खुंटांशिवायची. दोन महिने दुसरं काही केलं नाही. हिरड्यांचा रंग तीन वेळा कालवला. एकेक दात माझ्या जुन्या फोटोवरून रचला, पुढचा एक अगदी किंचित वाकडा, माझा होता तसा. खरंच सांगते, आयुष्यात ह्यांनी एवढी सुंदर कवळी कोणासाठी केली नसेल. डोळ्यांत पाणी यावं अशी. एका सकाळी काचेच्या वाटीत पाण्यात घालून माझ्यासमोर आणून ठेवली, आणि उभे राहिले.

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना जाऊन खरं सांगा. ज्या दिवशी सांगाल, त्या दिवशी घालीन."

हे म्हणाले, "बरं."

ह्याला आठ महिने झाले. दवाखाना आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. हे आठवड्यातून दोनदा तिथे जातात. मी पातळ खाते, केळी कुस्करून खाते, पाव दुधात बुडवून खाते. फोनवर मुलगी म्हणते, आई, हट्ट सोड, बाबा किती हळवे झालेत, रोज त्या वाटीतलं पाणी बदलतात म्हणे. बदलतात. एक दिवस चुकत नाही. कवळी वाळली तर वाकडी होते, आणि ह्यांना ते चालायचं नाही. मुलीला खरं काय ते मी सांगितलेलं नाही. तिच्या लेखीही मी बाहेरगावीच गेले होते.

काल हे दवाखान्यातून आले. पिशवीत एक तुटकी कवळी होती, आणि माझ्यासाठी हिरड्या पुसायचा मऊ ब्रश, डॉक्टरीणबाईंनी आठवणीने दिलेला. बरोबर निरोपही होता. हे माझ्यासमोर उभे राहिले आणि तो निरोप त्यांनी मला एक शब्द न गाळता सांगितला. "काकूंना म्हणावं, आता तरी काकांचं ऐकत जा." ब्रश टेबलावर ठेवला, आणि वाटीतलं पाणी बदलायला गेले.